पत्त्यांची माळ

साखर पेठेत, जिन्याखालच्या खोलीत
मी पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतो.
भोक असेल तिथं सुई आत जाते, तार वर उचलली जाते.
नसेल तिथं तार खाली राहते.
एवढंच.
यातूनच चादरीवर मोर उतरतो,
यातूनच वाघ, यातूनच द्राक्षाचा घड.

चारशे पत्ते दोऱ्यात ओवायचे,
शेवटचा पहिल्याला शिवायचा,
की माळ मागावर फिरत राहते
आणि चारशे धाग्यांनी तोच मोर परत येतो,
त्याच मानेनं,
कुणाला न विचारता.

ताता सांगायचे संस्थानातलं.
वर्षाला एक चादर वाड्यात जायची,
कोपऱ्यात मुद्रा : दोन हत्ती, मध्ये तलवार.
"राजाचा पत्ता ठाऊक होता बे.
पायरीवर बसून राहिलं की भेटायचाच.
जाणार कुठं? तिथंच जन्मायचा, तिथंच जळायचा."
दुष्काळात त्यानं तलाव खणला,
काठानं चिंचा लावल्या.
चिंच लावणारा चिंच खात नसतो.
नातू गादीवर बसणार हे ठरलेलं असलं
की माणूस चिंच लावतो.
आमच्या वॉर्डात गुलमोहर लावतात,
फोटो निघेपर्यंत जगला तरी पुष्कळ.

मी मान डोलवायचो.
तेवढ्यात तातांची बहीण, चिन्नम्मा,
बिडीचं पान कातरता कातरता विचारायची,
"आणि त्याचा पोरगा?"

ताता गप्प.

पोरग्याला मागांची खटखट सोसायची नाही.
दुपारची झोप मोडते म्हणून
त्यानं वाड्यामागचे बावीस माग उठवले.
दाद कुणाकडं मागायची?
त्याच्या बापाकडं? तो चिंचेखाली राख होऊन पडलेला.
बावीस घरं बैलगाड्यांत लाकडं भरून सोलापूरला आली.
त्यातलं एक आमचं.
म्हणजे मी या पेठेत आहे
तो एका राजपुत्राच्या झोपेमुळं.

मोगलय्याअण्णा तीनदा निवडून आले.
निकाल लागला की त्यांचा पत्ता लागायचा नाही.
यंदा गुडघे गेले, म्हणून तेजस उभा राहिला.
परवा आला होता खोलीत, वाकून.
टॉवेल हवेत, दोन हजार.
"अंकल, चेहरा पप्पांचाच ठेवा,
फक्त मिशी काढा."

पोटमाळ्यावरून जुनी माळ काढली, झटकली.
तीनशे नव्वद पत्ते तसेच चालले.
दहा बदलले.
हसू आलं, दाबलं. ॲडव्हान्स रोख होता.

हसायला मी तरी कोण?
बापाचा पंच माझ्या हातात आला,
मी तो प्रणीतच्या हातात ठेवला.
"मला कुणी विचारलं का?" म्हणाला
आणि पुण्याला गेला.
तीन महिने बोललो नाही त्याच्याशी.
राजालाही असाच राग येत असेल,
फक्त त्याच्याकडं हत्ती असतात.

मतदानाला शाळेत गेलो.
बाईंनी बोट धरलं, शाई लावली.
पंचाच्या घट्ट्यावर शाई धरत नाही,
दोन दिवसांत साल निघतं, तिच्यासोबत तीही.
बटण दाबलं. शिट्टी वाजली.
परत येताना वाटलं, आपणही एक भोकच पाडून आलो,
चारशेतल्या एका पत्त्यावर.
त्यानं मोराची शेपटी हलायची नाही.

पण तातांच्या राजाचा पत्ता
पाठ करता यायचा, कापता यायचा नाही.
आमचा कापता येतो.
आपोआप नाही.
माग थांबवावा लागतो,
कात्री घेऊन कुणीतरी शिडीवर चढावं लागतं,
आणि तेवढ्या वेळाची मजुरी बुडते.
म्हणून बहुतेक वेळा
कुणी चढत नाही.

तुम्ही विचाराल, मत कुणाला दिलं.
सांगणार नाही.
टॉवेलांचे निम्मे पैसे अजून यायचेत.